अंगणवाडी की ज्युनिअर केजी? एका आठवड्याचा हिशेब

माझी मुलगी नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या एका ज्युनिअर केजीत, भाचा सातपूरच्या अंगणवाडीत. दोघंही साडेचार वर्षांचे.

केजीत सोमवारी 'बी' अक्षर, मंगळवारी तेच चार रेघी वहीत गिरवणं, बुधवारी पिवळ्या रंगाचा दिवस (आदल्या रात्री पिवळा टीशर्ट शोधायची धावपळ आमची!), शुक्रवारी पाठांतर. शिस्त छान, वर्ग हवेशीर. पण या वयात बोटांचे स्नायू पुरते तयार नसतात. पेन्सिल धरून हात दुखतो आणि पोरगी वहीच लपवून ठेवते.

अंगणवाडीत ताईंनी फेब्रुवारीत आठवडाभर द्राक्षं हाच विषय घेतला. मणी मोजले, लहान-मोठे वेगळे केले, मातीचा घड वळला. मोजणी, वर्गीकरण, बोटांचा व्यायाम, सगळं खेळता खेळता. वर गरम खिचडी. उणीव? तीन ते सहा वर्षांची सगळी पोरं एकाच खोलीत, आणि ताईंच्या मागे वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरण. अंगणवाडी ज्या सरकारी योजनेतून चालते, त्या 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत शिकवणं हे सहा सेवांपैकी एकच.

फीचं बोलायलाच नको, भाच्याची शून्य. जूनपासून मुलीलाही तिकडेच घालावं म्हणते. सासूबाई अजून तयार नाहीत.