आरसे, मुठी, हेडलाइट: बारीक भागांसाठी कोणता गोंद आणि कोणती पकड?

मॉडेल कारचा सांगाडा जोडताना जवळपास कुठलाही गोंद चालून जातो. निवड अवघड होते ती शेवटी, बाजूचे आरसे, दाराच्या मुठी, वायपर आणि हेडलाइटच्या काचा हातात येतात तेव्हा. तोवर रंग आणि पॉलिश झालेलं असतं. १/२४ मापात १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिलिमीटर, म्हणजे मुठीखालून डोकावणारा मिलिमीटरभर ओघळ खऱ्या दारावर अंगठ्याएवढा रुंद झाला असता. आरशावर कसला भारही पडायचा नसतो. त्यामुळे गोंद किती घट्ट धरतो यापेक्षा चुकला तर पुसता येतो का, हे मी आधी बघतो.

पातळ सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारा पातळ गोंद, किटचं प्लास्टिक (पॉलिस्टायरिन) विरघळवतं आणि दोन भाग एकजीव करतं. भाग कोरडेच जुळवायचे, ब्रश फटीला टेकवायचा, द्रव आपोआप आत ओढला जातो. कोऱ्या प्लास्टिकवर याच्याइतका स्वच्छ सांधा दुसऱ्या कशाने होत नाही. मात्र ते रंगही विरघळवतं आणि क्रोमच्या थरावर धरत नाही, म्हणून सांध्याच्या जागी दोन्ही खरवडावे लागतात. धातू आणि रेझिनवर त्याचा काहीच उपयोग नाही. शिवाय फटीत शिरणारा हा द्रव चिमट्याच्या दोन पात्यांमधून किंवा बोटाखालूनही तसाच सरकतो, आणि बोनेटवर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. हा ठसा पुसून जात नाही. घासून पुन्हा रंगवावं लागतं.

सुपरग्लू धातूच्या पातळ कोरीव पट्ट्या, रेझिन, क्रोम, सगळं धरतो. हवेतल्या ओलाव्यामुळे तो काही सेकंदांत आवळतो, म्हणजे वाकडा बसलेला आरसा सरळ करायला वेळच मिळत नाही. त्याहून वाईट त्याची वाफ: काचेवर आणि चकचकीत रंगावर पांढुरकी झाक बसते. घ्यायचाच तर जेल घ्या. तो ओघळत नाही आणि थोडी उसंत देतो. बाटलीचं तोंड मॉडेलजवळ नेऊ नका. फॉइलवर थेंब काढा. सुईच्या नेढ्याचं टोक कापलं की दोन दातांचा काटा तयार होतो, त्याने टिपून लावा. सांडलेला सुपरग्लू कापसाने मात्र पुसू नये, कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन चांगलाच चटका बसू शकतो.

पांढऱ्या पीव्हीए गोंदाला लोक उगाच कमी लेखतात. तो सावकाश वाळतो, तोवर भाग हवा तसा सरकवता येतो. जास्तीचा गोंद ओल्या काडीने निघतो. वाळल्यावर पारदर्शक होतो आणि काच धुरकट करत नाही. हेडलाइटसाठी मी दुसरं काही वापरत नाही. गुळगुळीत रंगावर त्याची पकड कमजोर असते, हे खरं. त्यावर उपाय खिळीचा: रंगकामाआधीच दारात ०.५ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि आरशाच्या दांडीत ०.४ची तार बसवायची. मग भार तार घेते, गोंदाने फक्त जागेवर ठेवायचं.

दोन भागांचं इपॉक्सी जड धातूच्या भागांपुरतं ठीक. यूव्ही गोंद प्रकाश पोहोचेल तिथेच घट्ट होतो. अपारदर्शक भागाखाली तो ओलाच राहतो.

आता पकड. टोकदार चिमटा सगळ्यांकडे असतो, पण गोलसर क्रोमचा भाग त्यातून सटकन उडतो. उलटा चिमटा, म्हणजे दाबल्यावर उघडणारा, हाताला ताण न देता धरून राहतो; लांबट वायपरसाठी तोच बरा. चपट्या काचा आणि बोधचिन्हांसाठी टोकाला मेण लावलेली काडी मला सर्वांत आवडते, कारण ती दाबत नाही, वरून नुसती टेकते.

पण पकड आणि गोंद एकमेकांना बघूनच निवडावे लागतात. जेल सुपरग्लू लगेच धरतो, त्यामुळे मेणाची काडी सहज सुटते. ओल्या पीव्हीएवर मात्र मेणाचीच ओढ जास्त, आणि काच काडीबरोबर परत येते. तिथे दुसऱ्या हाताने कोरड्या टूथपिकने काच दाबून ठेवा आणि मेणाची काडी बाजूला कलती करत सोडवा. सॉल्व्हंट लावताना चिमट्याची टोकं सांध्यापासून लांब धरा.

पहिलंच किट असेल तर पातळ सिमेंट, पीव्हीए, एक टोकदार चिमटा आणि मेणाची काडी एवढ्यावर गाडी पूर्ण होते. किटमध्ये धातूची कोरीव पट्टी निघाली तरच जेल आणा, आणि तो लावायचा तो काचा बसवण्याआधी.