रॉक किट घ्या, दगड मस्त आहेत, पण आतलं खडकांच्या वयाचं कार्ड मुलांच्या हातात देऊ नका

सातवी-आठवीला खडक शिकवायचे म्हणून मे महिन्यात ऑनलाइन एक रॉक किट मागवलं, १४५० रुपये पडले, आणि आता अख्खी सहामाही वर्गात वापरून झालंय तर म्हटलं सविस्तर लिहावं, कारण मी मागवताना मराठीत एकही धड रिव्ह्यू सापडला नव्हता. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, असे डबे बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने असाच असतो. मी वाईजवळच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवते, वर्गात ३१ मुलं, बहुतेक शेतकऱ्यांची.

डब्यात ३६ खण, प्रत्येकात सुपारीएवढा दगड, शिवाय एक भिंग, लोहचुंबक, एक खिळा आणि रेघ ओढून बघायला पांढऱ्या खडबडीत फरशीचा तुकडा. बेसॉल्ट, ग्रॅनाइट, चुनखडक, वालुकाश्म, संगमरवर, स्लेट, क्वार्टझाइट, गारगोटी, अभ्रक, कॅल्साइट, हेमॅटाइट, दगडी कोळसा असं बरंच काही आहे. सॅम्पल खरे आहेत, रंग लावलेले वगैरे नाहीत, हे मी आधी सांगते कारण मला तीच भीती होती. प्युमिसचा (लाव्हाच्या फेसाचा भोकाभोकांचा हलका दगड) तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला आणि तो तरंगला तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. काळपट हेमॅटाइट फरशीवर घासला की तांबडी रेघ उमटते, हे मुलं मधल्या सुट्टीत सुद्धा करत बसायची. बेसॉल्टचा तुकडा हातात घेतल्यावर मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "मॅडम, ह्यो तर आमच्या बांधावरचा दगड हाय, ह्याचं पैसं दिलं?" त्याचं बरोबरच होतं. आपल्याकडे बेसॉल्ट विकत घ्यायची गरज नाही, पण ग्रॅनाइट, नाईस (पट्टेदार खडक), स्लेट हे इथल्या मुलांना आसपास बघायलाच मिळत नाहीत, सगळीकडे नुसता काळा कातळ आणि वर पठारावर जांभा, त्यासाठी तरी डबा हवाच.

आता तक्रारी. नावांचे स्टिकर नुसते चिकटवलेले, पावसाळ्यात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निम्मे सुटून डब्याच्या तळाशी पडले. जिप्समचा खण पहिल्यापासून रिकामा होता. मेसेज केला, फोटो पाठवले, १२ दिवसांनी स्टिकरचा नवा कागद आला, जिप्सम काही आलं नाही. आणि संगमरवर-क्वार्टझाइट यांची अदलाबदल होती, म्हणजे नाव एकाचं, दगड दुसऱ्याचा. हे मला नाही, मुलांनाच कळलं. खिळ्याने ओरखडा काढायचा तास चालू होता, संगमरवरावर खिळ्याचा ओरखडा उठायला पाहिजे आणि क्वार्टझाइटवर उठता कामा नये, इथे उलटं व्हायला लागलं. मग एकीने घरून लिंबू आणलं, दोन्ही दगडांची थोडी थोडी पूड केली आणि रस टाकला, "क्वार्टझाइट" नाव असलेल्या पुडीतून बारीक बुडबुडे यायला लागले. भिंग लावून एकेकाने बघितले. चूक विकणाऱ्याची आहे आणि पैसे घेऊन अशी चूक करू नये, पण ओरखडा आणि लिंबू कशाला हवं हे त्या दिवसानंतर परत सांगावं लागलं नाही.

माझी खरी नाराजी आहे ती वयाच्या कार्डावर. डब्यासोबत एक रंगीत कार्ड येतं, "खडकांचं वय कसं काढतात" अशा अर्थाचं, इंग्रजीत, आणि त्यात सरळ लिहिलंय की शास्त्रज्ञ कार्बन डेटिंग करून खडकांचं वय काढतात. हे चूक आहे आणि साधी चूक नाही, कारण मुलं (आणि बरेच मोठे सुद्धा) आधीच असंच समजून असतात. त्यात मोजतात तो कार्बन-१४, म्हणजे आपोआप हळूहळू कमी होत जाणारा कार्बन, हा जिवंत गोष्टींच्या अवशेषांसाठी, म्हणजे लाकूड, हाडं, कोळसा झालेलं धान्य, आणि तेही साधारण ५० हजार वर्षांपर्यंत. त्याचं अर्ध-आयुष्य ५७३० वर्षांचं, दर ५७३० वर्षांनी निम्मा उरतो. आमच्या घाटातला बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा. मुलांना भागाकार करायला लावला, ६.६ कोटी भागिले ५७३०, उत्तर साडेअकरा हजाराच्या वर येतं. म्हणजे इतक्या वेळा निम्मं निम्मं करायचं! दहा वेळा निम्मं केलं तरी हजारातला एकच उरतो. फळ्यावर हे केल्यावर एका मुलीने स्वतःहून सांगितलं की मॅडम मग काहीच उरणार नाही मोजायला. आणि मुळात लाव्हात कार्बन-१४ आणायचा कुठून.

मग कशाने मोजतात? पोटॅशियम-४० ने. त्याचं अर्ध-आयुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं, त्यातला काही भाग आरगॉन वायू होतो (बहुतेकाचं कॅल्शियम होतं, शंभरात अकराच्या आसपास आरगॉन). हे मी भाताच्या पातेल्यावरून सांगितलं. लाव्हा वितळलेला आहे तोवर पातेलं उघडं, आरगॉन वाफेसारखा निघून जातो. थंड होऊन दगड झाला की झाकण बसलं, आता आत तयार होणारा आरगॉन आतच अडकतो, आणि किती अडकलाय ते मोजलं की झाकण कधी बसलं ते कळतं. दगडाचं वय म्हणजे तो घट्ट झाल्यापासूनचं वय, त्यातले अणू त्याच्याही आधीचे, हे इथे सांगून टाकायचं, नाहीतर पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची मग दगड कमी वयाचा कसा हा प्रश्न येतोच येतो.

किटमध्ये हे निम्मं निम्मं होणं दाखवायला २० प्लास्टिकच्या चकत्या दिल्यात, एक बाजू लाल एक पांढरी. २० फारच कमी आहेत. आमच्या एका गटाला पहिल्याच फेकीत १४ पांढऱ्या पडल्या आणि मुलं म्हणाली निम्मं कुठे होतंय, खोटं आहे. त्या ठेवून दिल्या आणि चिंचोके घेतले, सारीपाटाला फोडतो तसे मधोमध फोडलेले, १००. डब्यात हलवायचे, ओतायचे, पांढरी बाजू वर आलेले म्हणजे बदललेले अणू, ते उचलायचे आणि तेवढे हरभरे त्यांच्या जागी ठेवायचे, उरलेले परत हलवायचे. एक फेक म्हणजे एक अर्ध-आयुष्य. चिंचोके काही नाण्यासारखे अगदी निम्मे पडत नाहीत, आमचे पहिल्या फेकीत ४४ पांढरे पडले, दुसऱ्यांदा २७, पण दोन-तीन गटांची बेरीज केली की आलेख छान उतरत जातो. मग प्रश्न विचारला, आपल्या घाटातला दगड कितव्या फेकीवर आहे? सगळे म्हणाले दहाव्या, विसाव्या. खरं उत्तर असं की ६.६ कोटी वर्षांत पोटॅशियम-४० मधला शंभरातला साडेतीन-चार इतकाच बदललाय, अजून पहिली फेक पण पूर्ण झाली नाही. वर्ग एकदम गप्प झाला. मला स्वतःला पण हे गणित मांडेपर्यंत असं कधी जाणवलं नव्हतं.

डब्यातली एक गोष्ट मात्र शंभर टक्के पैसे वसूल आहे, थरांचं पोस्टर. सात थर, त्यांना छेदून वर गेलेली लाव्हाची एक भिंत, एक तुटून सरकलेली जागा, आणि काय आधी काय नंतर ते लावायचं. खालचा थर जुना हे स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडलं, मुलं ते दोन मिनिटांत पकडतात, पण जी भिंत थरांना छेदते ती त्या थरांपेक्षा नवी असणार, यावर दोन गटांची चांगलीच जुंपली आणि मी मुद्दाम उत्तर सांगितलं नाही. इथे एकही आकडा लागत नाही, नुसता क्रम. आधी हे घ्यावं आणि वर्षांचे आकडे नंतर, असं माझं अनुभवाने मत झालंय, कार्डावर उलटं दिलंय.

पोस्टरनंतर एका रविवारी सकाळी गाड्या कमी असताना दोन पालकांना सोबत घेऊन पसरणी घाटात नेलं. काळा थर, मग तांबड्या मातीची पट्टी, परत काळा थर. तांबडी पट्टी म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ, वरचा पृष्ठभाग कुजून माती होईपर्यंत थांबलेला. अशाच पट्ट्यांत झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडतात, त्यातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून अलीकडे दख्खनच्या लाव्हांच्या तारखा अजून नेमक्या काढल्यात, बहुतेक लाव्हा तेव्हा जेमतेम दहा लाख वर्षांच्या काळात येऊन गेला. आणि सह्याद्रीतल्या या थरांचे भूशास्त्रज्ञ तीन गट करतात, कळसूबाई, लोणावळा आणि वाई. आपल्या तालुक्याचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे हे ऐकून मुलं दोन दिवस तेच सांगत फिरत होती. लोणारच्या उल्केच्या विवराचं पण सांगितलं, आधी ते सुमारे ५० हजार वर्षांचं समजायचे, मग आरगॉनने मोजलं तर सुमारे ५ लाख ७० हजार आलं. पद्धत कुठली ते विचारल्याशिवाय आकडा घ्यायचा नाही.

घ्यायचं असेल तर घ्या, ५ पैकी साडेतीन देईन. आल्या आल्या स्टिकर काढून दगडावरच ऑइलपेंटने नंबर घाला, संगमरवर आणि क्वार्टझाइट लिंबू टाकून तपासा. घरी एकच मूल असेल तर मी एवढे पैसे घालणार नाही, शाळेला किंवा चार-पाच घरांनी मिळून ठीक आहे. आमच्या जिप्समच्या रिकाम्या खणात आता घाटातली तांबडी माती आहे, नंबर २२, मुलांनी चिठ्ठी लावलीय, "खालच्यापेक्षा नवी, वरच्यापेक्षा जुनी".