नाटक की नृत्य: खुर्ची कुठली घ्यावी?

विद्यापीठातल्या नाटकाला तिसरी ते आठवी रांग उत्तम. माइक बहुधा नसतो आणि विद्यार्थी नटांचा आवाज मागे पोहोचेपर्यंत विरतो. समूहनृत्याला हा हिशेब उलटा. रंगमंच उंच असेल तर पुढच्या रांगेतून पावलं दिसत नाहीत, मागची ओळ पुढच्या नर्तकांआड जाते. रचना पाहायची तर बाल्कनीच. एकल अभिनयाला मात्र पुढेच बसा. डोळ्यांतलं काम दुरून कळत नाही.

ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे काळ्या भिंतींच्या छोट्या, साध्या नाट्यगृहात, कुठूनही जवळच, पण उशीर केलात तर संपलं! दार अनेकदा खेळाच्या जागेतच उघडतं, म्हणून मध्येच सोडत नाहीत. एकांकिकेला मध्यंतरही नसतं. नृत्याच्या कार्यक्रमात दोन रचनांमधल्या काळोखात बहुधा आत घेतात.