जँगो: सुट्या स्क्रिप्टसाठी मॅनेजमेंट कमांडच बरी

देवगडच्या हापूस बागायतदाराची वेबसाइट असो की मालवणातल्या होमस्टेची, रात्री उरलेल्या पेट्यांचा किंवा खोल्यांचा हिशेब लावणारी स्क्रिप्ट लागतेच. जँगोमध्ये, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये, ती वेबसाइटपासून सुटी चालवता येते: आधी सेटिंग्ज मॉड्यूलचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग जँगोचं सेटअप फंक्शन चालवा, आणि त्यानंतरच मॉडेल्स (डेटाबेसमधल्या टेबलांचे क्लास) इम्पोर्ट करा. सेटिंग्ज ठेवून सेटअपआधीच मॉडेल्स इम्पोर्ट केली की ‘अ‍ॅप्स आरंट लोडेड येट’ ही एरर ठरलेली. इम्पोर्ट आपोआप वर सरकवणारं टूल वापरत असाल तर हमखास इथेच बिघडतं.

म्हणून माझं मत मॅनेजमेंट कमांडला, म्हणजे जँगोच्या ‘मॅनेज डॉट पीवाय’मधून चालणाऱ्या आपल्या कमांडला. अ‍ॅपमध्ये मॅनेजमेंट फोल्डर, त्यात कमांड्स, त्यात आपली फाइल. बेसकमांडवरून क्लास, त्यात हँडल मेथड. सेटअपची कटकट नाही, आर्ग्युमेंट घेता येतात, टेस्टही सरळ लिहिता येते. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) मात्र व्हर्च्युअल एन्व्हमधल्या, म्हणजे प्रोजेक्टच्या स्वतंत्र फोल्डरमधल्या, पायथनचा पूर्ण पाथ द्या.

एक उणीव खटकते. वेबवर डेटाबेसची जुनी कनेक्शन्स प्रत्येक रिक्वेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासली जातात. सतत चालणाऱ्या कमांडमध्ये रिक्वेस्टच नसते. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल आणि पावसात लाइन तुटली, तर कमांड मेलेल्या कनेक्शनवर एरर देत राहते. प्रत्येक फेरीआधी जँगोचं ‘क्लोज ओल्ड कनेक्शन्स’ फंक्शन स्वतः चालवा.