मोनाझाइट, झिरकॉन, गार्नेट की अभ्रक? हिमालयातल्या शिस्टचं वय काढण्याआधी

भागीरथीच्या खोऱ्यातून आणलेला गार्नेट-कायनाइट शिस्ट, म्हणजे दाब आणि उष्णतेने बदललेला पापुद्र्यांचा खडक, टेबलावर आहे आणि पैसे एकाच पद्धतीपुरते आहेत. वय कशाचं काढायचं? 'खडकाचं' म्हणून भागत नाही. दख्खनच्या बसाल्टवर शिकलेल्या आपल्यासारख्यांची गल्लत इथेच होते. लाव्हा बाहेर पडतो आणि लगेच थिजतो, त्यामुळे ६.६ कोटी वर्षांचा आकडा त्याच्या जन्माचाही आणि निवण्याचाही. शिस्ट मात्र लाखो वर्षं तापत जातो, मग तितक्याच सावकाश निवतो, आणि त्यातलं प्रत्येक खनिज आपापली तारीख टिपतं.

अभ्रकाची आर्गॉन पद्धत (पोटॅशियमपासून तयार झालेला आर्गॉन वायू मोजायची) निवण्याची तारीख देते. मस्कोव्हाइट (पांढरं अभ्रक) साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आणि बायोटाइट (काळं अभ्रक) ३०० च्या आसपास आल्यावरच आर्गॉन धरून ठेवू लागतं. खडक वर कधी आला एवढंच हवं असेल तर हेच करा. मुंबईच्या आयआयटीत ती सोयही आहे. फक्त हिमालयात जादा, म्हणजे बाहेरून खनिजात शिरून वय फुगवणाऱ्या, आर्गॉनची खोड जुनी आहे. बायोटाइट मस्कोव्हाइटपेक्षा म्हातारं निघालं, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

झिरकॉनमधल्या युरेनियमचं शिसं होत जातं, त्यावरून वय काढतात, आणि झिरकॉन ९०० अंशांनाही ते शिसं सोडत नाही. गुण तोच, अडचणही तीच. कणाचा गाभा जुना, ८० कोटी, कधी २५० कोटी वर्षांचा. हिमालय घडतानाची कड जेमतेम काही मायक्रॉनची, आणि मोजणीच्या लेझरचा ठिपका २०-३० मायक्रॉनचा. ठिपका दोन्हींवर पडला की निघणारं वय कशाचंच नसतं. खडक वितळलेला असेल, किंवा लडाखमधल्या त्सो मोरारीसारखा एक्लोजाइट (खोलवर प्रचंड दाबात बनलेला खडक) असेल, तर गोष्ट वेगळी.

गार्नेटचं ल्युटेशिअम-हाफ्निअम वय (ल्युटेशिअमचं हाफ्निअम होत जातं, त्यावरून काढलेलं) सगळ्यात थेट, कारण दाब आणि तापमानही त्याच खनिजातून काढता येतं. पण ल्युटेशिअम गाभ्यात साठतं, म्हणून तारीख वाढीच्या सुरुवातीकडे झुकते. त्यात आत अडकलेला झिरकॉनचा एखादा कण हाफ्निअमचा हिशेब बिघडवतो. वेळ आणि चिकाटी असेल तरच या वाटेला जा.

माझं मत मोनाझाइटला, म्हणजे युरेनियम-थोरियम असलेल्या फॉस्फेट खनिजाला; त्याचंही वय शिशावरूनच काढतात. अशा मातकट मूळच्या शिस्टमध्ये ते ५००-५५० अंशांच्या सुमारास तयार होतं आणि थिन सेक्शनमध्ये (खडकाच्या पातळ कापात) जागच्या जागी मोजता येतं. गार्नेट वाढताना इट्रियम हा धातू गिळतं, त्या वेळचं मोनाझाइट इट्रियमला मुकतं. गार्नेट मोडू लागलं की नवी, इट्रियमने भरलेली कड चढते. म्हणजे एकाच कणात दोन तारखा, आणि प्रत्येक कुठल्या घडामोडीची हेही कळतं. द्रवांमुळे कधी काही ठिगळं नव्याने घडतात, तेवढी नजर हवी. अँफिबोलाइटमध्ये (बसाल्टसारख्या खडकापासून बनलेल्या रूपांतरित खडकात) मात्र मोनाझाइट सहसा सापडतच नाही. तिथे गार्नेटकडे वळावं लागतं.

काहीही निवडा, पण खडक दळायला देण्याआधी त्याचा एक काप बाजूला ठेवा. पूड झाल्यावर कोणता कण गार्नेटच्या पोटात होता आणि कोणता बाहेर, हे कोणीच सांगू शकत नाही.