मराठी विकिपीडिया: वाचतो सगळेच, जरा आत शिरून बघा

मराठी विकिपीडियाबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. वापरतात सगळेच, पोरांचे शाळेचे प्रकल्प त्यावर, स्पर्धा परीक्षावाल्यांच्या नोट्स त्यावर, पण लेखाच्या वर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' असं जे लिहिलेलं असतं ते दाबून बघणारे फार कमी, आणि माझ्या मते ह्या सेवेतला सगळ्यात भारी भाग तिथेच आहे.

कुठलाही लेख घ्या, समजा तुमच्या तालुक्याचा. इतिहासात गेलात की कोणी, कधी, किती वाजता काय बदललं त्याची पूर्ण यादी समोर येते, मजकूर वाढला असेल तर हिरवा आकडा, कमी झाला असेल तर लाल. दोन आवृत्त्या निवडून तुलना केली की डावीकडे जुनं, उजवीकडे नवं आणि बदललेले शब्द रंगवून दाखवलेले. एखाद्या नेत्याच्या पानावरून अडचणीचा परिच्छेद गुपचूप उडवला तरी तो इथे सापडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉरवर्ड मुळात कोणी लिहिला हे जन्मात कळत नाही, इथे प्रत्येक ओळीचा माग काढता येतो, आणि हे बघायची सवय लागली ना की बाकी इंटरनेटवर पण माणूस आपोआप विचारायला लागतो की बाबा हे कोणी लिहिलंय, आधार काय. शाळेत संगणकाच्या तासाला पोरांना हे एकदा तरी दाखवायलाच पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता लिहिण्याबद्दल. खातं उघडायला मोबाईल नंबर लागत नाही, ईमेल दिला तर बरं, नाही दिला तरी चालतं. मराठी टायपिंग येत नसेल तर पानातच सोय आहे, कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एम दाबलं की रोमन अक्षरांतून देवनागरी उमटते, इनस्क्रिप्ट ह्या देवनागरी कीबोर्डची सवय असलेल्यांसाठी तेही आहे. सरावाला 'धूळपाटी' म्हणून पान आहे, तिथे काहीही खरडा, कोणी रागवत नाही. काही अडलं तर 'चावडी' नावाच्या चर्चेच्या पानावर विचारायचं आणि शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकायचे, म्हणजे तुमचं नाव आणि वेळ आपोआप पडते. उत्तर देणारे पगारी नाहीत हो, आपल्यासारखेच लोक आहेत, प्रचालक, म्हणजे पानं उडवायचा नाहीतर कुलूप लावायचा अधिकार असलेले, तेसुद्धा बिनपगारी, त्यामुळे तासाभरात उत्तर नाही आलं म्हणून चिडू नका.

नियम मात्र कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. पेपरातली बातमी किंवा कोणाचं पुस्तक जसंच्या तसं डकवलं तर कॉपीराइटमुळे उडतं. स्वतःवर नाहीतर आपल्या संस्थेवर कौतुकाचा लेख लिहिला तरी तेच. संदर्भ द्यावा लागतो, 'आमच्याकडे सगळ्यांना माहितीय' हा संदर्भ नाही. राजे, संत, जाती ह्यांच्या पानांवर तर इतके वाद होतात की काही पानांना कुलूप लावावं लागतं, तिथे आधी चर्चा पानावर मुद्दा मांडायचा, पुरावा द्यायचा, मग बदल. समोरच्याला न शिव्या देता भांडायचं कसं हे शिकायला ह्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही.

कमी कुठे पडतं तेही सांगतो. 1 मे 2003 ला सुरू झालेला हा प्रकल्प, लेख लाखाच्या आसपास, इंग्रजीत सत्तर लाख. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख, त्या मानाने नियमित लिहिणारे अगदीच मूठभर, आणि ते लेखांत दिसतं. कितीतरी लेख दोन-चार ओळींचे, गावांच्या लेखांत तोच तोच साचेबद्ध मजकूर, विज्ञानाच्या लेखांत भाषांतर एवढं जड की दोनदा वाचावं लागतं. परीक्षेसाठी नुसतं ह्यावर विसंबू नका, खालचे संदर्भ उघडून बघा.

पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, मागे विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे, देणग्यांवर चालते.

माझ्याकडून पाचपैकी चार. सुरुवात करायची असेल तर मोठा लेख हातात घेऊ नका. आपल्या गावच्या पानावर जा, शुद्धलेखन सुधारा, देवळाचा नाहीतर बारवेचा स्वतः काढलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या फोटोंच्या भांडारात, चढवून तिथे लावा, आणि काय बदललं ते खालच्या चौकटीत एका ओळीत लिहायला विसरू नका, पुढच्याला तपासायला सोपं जातं.