सँपल एक आणि माल भलताच, टॉवेल मागवणाऱ्यांनी सांभाळा भो

चैत्रात गडावर पायी जाणाऱ्या मंडळांनी हे नक्की वाचा. आमचं मंडळ धुळ्याहून निघतं, मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण करत नांदुरी आणि मग वर सप्तशृंगी गड. चैत्रातलं ऊन काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही. यंदा ठरलं की प्रत्येकाला एक छोटं इमर्जन्सी किट द्यायचं, ओआरएस, क्रेप बँडेज, शिटी, टॉर्च आणि एक कॉम्पॅक्ट टॉवेल, म्हणजे ओला करून डोक्यावर घेता येईल, पाय पुसता येतील, कुणी पडलंझडलं तर हात गळ्यात बांधता येईल.

मोबाईलवर जाहिरात आली. मायक्रोफायबर, 70 बाय 140 सेंटीमीटर, 220 जीएसएम (कापडाच्या वजनाचं माप), मुठीत मावेल एवढी पाऊच आणि तिला हुक. व्हिडिओत बाई टेबलावर ग्लासभर पाणी ओतते आणि टॉवेल ते एका फटक्यात पिऊन टाकतो. आम्ही आधी दोन नग कॅश ऑन डिलिव्हरी मागवले, एक नंबर निघाले. मग 40 नग, 149 ने, पैसे आधी. खरी गोम इथंच आहे, सँपल मुद्दाम चांगलं पाठवतात आणि तुमचा विश्वास बसला की मग खरा माल काढतात.

खोकं आलं. पाऊच तीच, हुक तोच, रंगही तोच. शेजारच्या मावशींनी एक टॉवेल ओट्यावर सांडलेल्या पाण्यावर फिरवला तर पाणी पुढे पुढे पळालं, टॉवेल आपला कोरडाच. मावशी म्हणे, "हाऊ टावेल शे का झेंडानं कापड?" हसलो सगळे, पण प्रत्येक पाऊच उघडली तसं हसू गेलं.

विक्रेत्याला फोन केला तर तो एकदम गोड बोलला, दादा नवीन कापडावर फिनिश असतं, दोन-तीन वेळा धुवा मग शोषेल. आता यात थोडं खरं आहे, नवा टॉवेल पहिल्या धुण्याआधी कमी पाणी पितो, म्हणून लोक गप्प बसतात. धुतलं, तर पाणी निळंशार आणि बादलीतलं पांढरं धोतरही निळं. परत फोन केला तर म्हणे मॅनेजर गावाला गेलेत, सोमवारी बोला. असं करत करत रिटर्नची मुदत संपली आणि मग नंबर ब्लॉक! त्याला धुण्याशी काही घेणं नव्हतं, त्याला फक्त दिवस काढायचे होते.

एका मित्राचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर टॉवेल ठेवला. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, आणि 70 बाय 140 म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटरच होतं, म्हणून 220 जीएसएमचा टॉवेल 215 ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. आमचा भरला 92. सँपलवाला बरोबर भरला. दुसरी गोष्ट, चांगलं मायक्रोफायबर बहुतेक 80 टक्के पॉलिस्टर आणि 20 टक्के पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन असतं, धागे चिरलेले असतात म्हणून ते खरखरीत हाताला अडकतं. कापूस वेचलेला हात त्यावरून फिरवा, लगेच कळेल. हे साधं पॉलिस्टर, सर्रकन घसरतं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही, माल बाहेरचा असेल तर देशाचं नाव पाहिजे तेही नाही.

आता पुढचं ऐका. भाच्याने नेटवर त्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला, तर पलीकडचा माणूस लगेच रिफंड द्यायला तयार! फक्त एक अ‍ॅप डाउनलोड करा आणि स्क्रीन दाखवा, मग रिक्वेस्ट येईल तिथं पिन टाका. भाचा बँकेत आहे, त्याने तिथंच फोन कापला. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे जातात. म्हणजे टॉवेलात गेलेले 5960 वेगळे आणि वरून खातंही साफ करायचा बेत.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, पैशांचं म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 वरही सांगितलं. रक्कम अजून आलेली नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात केस टाकता येते, विक्रेता दिल्लीत असो की सुरतेत, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, म्हणून धुळ्यातच टाकतोय. किटमध्ये शेवटी आग्रा रोडवरून आणलेले सुती पंचे घातले, वाळायला वेळ लागतो पण पाणी तरी धरतात.

तीच जाहिरात आता वेगळ्या नावाने फिरतेय, व्हिडिओ तोच, बाईही तीच. कुणाचे अडकले असतील तर पाऊच फेकू नका, खोकं उघडतानाचा व्हिडिओ, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि चॅट जपून ठेवा आणि मला कळवा, सगळ्यांची मिळून एकच तक्रार करता येईल का ते वकिलांना विचारतोय.